मागची येऊ दे

सोमवार, ४

छातीचे डॉक्टर म्हणाले, "चाला, भरपूर चाला. चढ मात्र जपून." त्यातलं "भरपूर चाला" तेवढं मी घरी घेऊन आले.

संध्याकाळी चौघांना बोलावलं आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. दरवर्षी आम्ही पाचजण पाठीवर बिऱ्हाड घेऊन कुठल्या तरी डोंगरात शनिवार-रविवार काढतो. जागा मी ठरवते, सामान मी ठरवते, वाटेत पुढे मी चालते. गेलं वर्ष माझ्या फुप्फुसाने खाल्लं. आता डाव्या बाजूला थोडं कमी आहे, बाकी मी तीच आहे.

या महिन्याच्या शेवटी जायचं. शुक्रवारी बसच्या शेवटच्या स्टॉपवर मुक्काम, शनिवारी खिंड चढून पलीकडच्या पठारावर तंबू, रविवारी त्याच वाटेने खाली. पलीकडे मैलोन्‌मैल रान, माणसाचं नाव नाही. मी बोटाने दाखवत होते आणि चौघं बोटाकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

धाकटी संत्रं सोलत होती. माझी सख्खी बहीण, पण मनातलं बोलायची वेळ आली की हिला फळं सोलायची असतात. तिचा नवरा, आमचे भावजी, बँकेत आहेत. ते म्हणाले, "छान आहे की ताई." कर्ज नामंजूर करताना ते याच आवाजात बोलत असणार. लांबूने, आमच्या उंच मित्राने, तंबूंची चौकशी केली. तो गणित शिकवतो, त्याला काहीतरी मोजायला लागतं. आणि गोळी, औषधाच्या दुकानात असते म्हणून गोळी, माझ्या कॉलेजपासूनची, ती उठून भांडी घासायला लागली. माझ्या घरची भांडी!

आनंदाने गप्प झाली असतील. गेल्या वर्षी मी मरते की काय अशी धास्ती सगळ्यांनी खाल्ली होती.

गुरुवार, ७

लॅबमध्ये आज फक्त कवळ्या. लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे फळीवर ओळीने वाळत असतात आणि मी मेणात दात बसवते. आता अर्धाच दिवस करते, धुळीपायी तोंडाला मास्क लावून. दुपारी फावल्या वेळात शेवटच्या स्टॉपवरच्या चहाच्या दुकानात फोन केला. वर जायची पायवाट त्या दुकानामागूनच सुरू होते. दुकानाच्या बाई गप्पिष्ट निघाल्या, दोन मिनिटांत मी त्यांना मावशी म्हणायला लागले. वाट एकच आहे, चुकायचा प्रश्न नाही. ओढ्यावर लाकडी पूल, पूल ओलांडला की झरा. दुकानावर राहायला दोन खोल्या.

"किती माणसं?"

"पाच. त्यात एक ताडमाड आहे, तुमच्या दाराला डोकं आपटून घेईल."

"आपटू दे. सगळेच आपटतात."

येत्या शनिवारी किंवा रविवारी गावाबाहेरच्या टेकडीवर सगळ्यांनी सरावाला जाऊ असं सुचवलं, तर एकालाही वेळ नाही. लांबूचे पेपर तपासायचे राहिलेत, गोळीच्या दुकानात माल मोजायचाय, धाकटीकडे भावजींचे साहेब जेवायला येणार आहेत. सगळ्यांचं सगळं नेमकं त्याच दोन दिवसांत. असो.

रविवार, १०

काल पहाटेपासून तापाने फणफणले होते. आत्ता उतरलाय. दोन दिवस अशी झोपले की शेजारच्या काकू दार बडवून बडवून थकल्या. किल्ली त्यांच्याकडे असते, म्हणून शेवटी उघडून आत आल्या, हाका मारल्या, हलवलं सुद्धा. "अंग इतकं गार लागत होतं की मी घाबरलेच," म्हणाल्या. तापात अंग गार कसं लागेल? काकूंचं आपलं काहीतरी.

धाकटीचा फोन बंद. बाकीच्यांचेही.

तापाने अंग मोडून काढलंय. त्यातही पोटऱ्या अशा दुखतायत की संडासापर्यंत भिंत धरून गेले.

मंगळवार, १२

लांबूच्या घरी बैठक. दार त्याने उघडलं तर कपाळावर टेंगूळ. "कपाटाचं दार," म्हणाला. नाक उन्हाने सोललेलं, ते शाळेच्या मैदानावर. गोळीच्या टाचेला पट्टी, नव्या चपला चावल्या. धाकटीच्या हातांवर ओरखडे, कुंडीतला गुलाब. मी म्हटलं, "एका शनिवार-रविवारात सगळ्यांची साडेसाती भरली वाटतं." कोणी हसलं नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांवर पण हसतात.

मग विचित्रच झालं. मी वाट समजावून सांगत होते आणि भावजी नकाशाकडे न बघता म्हणाले, "पुलानंतरचा चढ अंगावर येतो. पायाखाली सगळी घसरती खडी आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"नकाशावर दिसतंय की."

नकाशावर खडी दिसत नाही. मी घरी येऊन भिंग लावून पाहिलं. पूल सुद्धा दाखवलेला नाही.

मला उगाच वाटत राहिलं की तो डोंगर या चौघांना आधीपासून ओळखतो आणि फक्त मीच परकी आहे. लिहिल्यावर वेड्यासारखं वाटतंय. पण वाटलं खरं.

शुक्रवार, १५

खोल्या पक्क्या करायला मावशींना फोन केला. त्यांनी आवाज ओळखला आणि म्हणाल्या, "अगंबाई, खाली आलात? बरं झालं. जिवाला घोर लागला होता."

"कुठून खाली?"

"वरून. गेल्या शनिवारी गेलात ना तुम्ही पाचजण. तो उंच खरंच आपटला हो दाराला, मी हसू की रडू."

मी म्हटलं, मावशी, दुसरे कोणीतरी असतील, आम्ही अजून निघालोच नाही. उंच माणूस जगात काय एकच आहे? त्यावर त्या म्हणाल्या, "असतील बाई. पण एक नवरा-बायको होते, एक जरा ठेंगणी होती. आणि तुम्ही सगळ्यांच्या मागे. केस बारीक कापलेले, डावा खांदा उतरलेला, हाताने बरगडी दाबून चालत होतात. मी हाक मारली, दम खा, चहा घ्या म्हटलं. तुम्ही नुसता हात केलात. बोलला नाहीत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोन उजव्या हातात आहे आणि डावा हात बरगडीवर. ऑपरेशनपासून तो तिथेच जातो. केसही तेव्हापासून बारीकच आहेत. मावशींनी मला कधी पाहिलेलं नाही.

"रविवारी चौघंच उतरली," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, पाचवी दुसऱ्या वाटेने गेली. पण दुसरी वाट नाहीच ना इथे."

खोल्या पक्क्या करून फोन ठेवला. पुढे दोन कवळ्यांचे दात मी उलटसुलट बसवले. लॅबच्या साहेबांनी बघितलं आणि पुन्हा करायला माझ्यापुढे ठेवले.

लांबूला सांगितलं तर म्हणाला, "एकटी राहणारी माणसं काहीही बोलतात." मग, "म्हणजे तुला नाही म्हणत." गोळीला सांगितलं तर तिने फोनच ठेवून दिला. गिऱ्हाईक आलं असेल.

रविवार, १७

आज एकटीने सराव. पाठीवर पूर्ण भरलेली बॅग घेऊन आमच्याच इमारतीचे जिने. इथे खोटं लिहून उपयोग नाही. तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उतरत होते, त्यांना दिसावं म्हणून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. ते म्हणाले, "कुठे दौरा?" मी ऐटीत सांगितलं. ते गेल्यावर मी दहा मिनिटं तिथेच बसून होते.

धाप लागली की माझ्या छातीतून बारीक शीळ येते. शिवण उसवल्यासारखा आवाज. सवय झालीय, पण आज जिन्यात तो घुमला आणि मला वाटलं, खालच्या मजल्यावर आणखी कोणीतरी दम खात बसलंय.

बुधवार, २०

गोळीच्या दुकानात गेले होते. फोन ठेवते म्हणजे काय! गिऱ्हाइकं नव्हती. मी सरळ विचारलं, काय चाललंय तुमचं? तिने काउंटरवरच्या खोकल्याच्या बाटल्या पुसायला घेतल्या. एक पुसली, दुसरी पुसली आणि रडायला लागली.

"आम्ही जाऊन आलो गं."

"कुठे?"

"तुझ्या डोंगरावर. त्या शनिवारी. चौघं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा इतका संताप आला की धरायला काही मिळेना, काउंटर धरला.

"माझ्याशिवाय?"

"तुझ्यासाठीच. तुला झेपेल का ते बघायला. नाही झेपणार. भावजींना सुद्धा धाप लागली तिथे. ठरवलं होतं, आल्यावर तुला सांगायचं. पण तू असा उत्साहाने नकाशा मांडून बसतेस, कोणाची जीभ रेटली नाही. धाकटी म्हणाली तू सांग, मी म्हटलं लांबू सांगेल…"

म्हणजे टेंगूळ, टाच, गुलाब, खडी. मी भिंग लावून नकाशा बघत बसले होते! मूर्ख मी. पण खरं सांगायचं तर रागाच्या तळाशी सुटल्यासारखंही वाटलं. मावशींना चौघं दिसली ती खरी होती, भूतबित नाही.

मग मी विचारलं, "पाचवं कोणाला नेलंत?"

"कोणाला म्हणजे? चौघंच होतो."

"मावशी म्हणतात पाचजण होतात. मागे एक बाई होती."

गोळीचा चेहरा असा उतरला की मीच स्टूल ओढून तिला बसवलं. मग म्हणाली, चढावर भावजी सारखे थांबत होते. लांबूने विचारलं, का थांबताय? तर सहज म्हणाले, "मागची येऊ दे." कोण मागची? त्यावर स्वतःच हसले, म्हणाले, सवय झालीय पाच जणांची. पठारावर धाकटीने चहा पाच ठिकाणी ओतला. तीही म्हणाली, सवय.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी सगळ्यात शेवटी होते," गोळी म्हणाली. "माझ्या मागे कोणी नव्हतं. पण मागून धाप ऐकू येत होती, ती शिळेची. हॉस्पिटलात तुझ्या उशाशी मी बसले होते गं. ती धाप मला कळत नाही होय?"

गिऱ्हाईक आलं. ती डोळे पुसून उठली.

शनिवार, २३

तीन दिवस कोणाचा फोन उचलला नाही. आज धाकटी आली, या वेळी फळं न घेता.

"ताई, शिव्या दे, पण बोल."

"माझ्याबद्दल तुम्ही चौघांनी बसून ठरवलंत. मी काय सामान आहे? हे न्यायचं, हे ठेवायचं?"

"तू आमच्याबद्दल नेहमी ठरवतेस," ती म्हणाली. मग घाबरून म्हणाली, "तसं नाही म्हणायचं मला."

म्हणायचं होतं. आणि खोटंही नव्हतं.

मग तिने खरं कारण काढलं. वर जाणाऱ्यांकडून मावशी एक फोन नंबर घेऊन ठेवतात, या चौघांनी धाकटीचा दिला होता. त्या तिला रोज फोन करतायत. तुमची ती राहिलेली बाई रोज दुपारी खिंडीखालच्या मोठ्या दगडावर बसलेली दिसते म्हणे. दुकानाच्या अंगणातून दिसते. हाक मारली तर हात करते. मावशींनी भाच्याला वर पाठवलं, तर दगडावर कोणी नाही. खाली येऊन बघतात तर बसलेली. आता त्या वनखात्याला कळवणार आहेत की एक बाई वर अडकलीय.

"त्यांना सांग ना, चौघंच होतो म्हणून."

"सांगितलं. त्या म्हणतात, माझे डोळे अजून शाबूत आहेत." धाकटीने माझा हात धरला. "ताई, मला तिचं नाही गं. मला तुझी भीती वाटते. त्या दोन दिवसांत काकूंनी तुला हलवलं आणि तू उठली नाहीस. काकू म्हणाल्या, श्वास आहे की नाही ते बघायला त्यांनी नाकासमोर आरसा धरला होता. हे तुला सांगितलं का त्यांनी?"

नव्हतं सांगितलं. काकू उगाच काळजी करतात. ताप होता, झोप लागली, एवढंच.

पण मावशींचं मिटवायला हवं. मी धडधाकट उभी आहे हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं म्हणजे विषय संपला. म्हणून ठरलं, जायचंच. झेपेल तिथपर्यंत मी चढणार, आणि कुठपर्यंत झेपलं ते मीच सांगणार. या अटीवर चौघंही तयार झाली. लांबू तर फोनवर इतका हुश्श झाला की म्हणाला, तुझी बॅग मी घेतो. मी म्हटलं, हात लावून बघ.

शुक्रवार, २९

पोचलो. बस आम्हाला सोडून उलटी फिरली आणि एकदम शांत झालं. इतकं की कानात दडे बसल्यासारखे वाटले. पत्र्याचं छप्पर, पुढे अंगण, अंगणात एक बाक. मागे डोंगर सरळ उभा. खिंडीखाली तो दगड दिसतो, करड्या रंगाचा, खोलीएवढा. त्यावर कोणी नव्हतं.

मावशी आवाजावरून वाटल्या त्यापेक्षा बारीक आहेत. चौघांना ओळखून हसल्या. मग मी बसच्या थांब्यावरून मागून आले, आणि त्यांच्या हातातली बादली खाली टेकली गेली. जवळ येऊन त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. तळवा चाचपला, पंजा उलटा करून पाहिला.

"गरम आहे," म्हणाल्या.

"मग? मी सांगितलं ना मावशी, मी घरी होते."

"हो बाई, कळलं." एवढं बोलून त्या दगडाकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं, मला बघून त्यांची काळजी मिटेल. उलट त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे ती एकटीच आहे," म्हणाल्या.

भावजींनी मला घाईने खोली दाखवायला नेलं.

शनिवार, ३०

दुकानावरच्या खोलीत बसून लिहितेय. दुपार आहे. आत्ताच लिहायला हवं.

सकाळी पाचही जण निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी शेवटी होते. पुलापर्यंत बरं होतं. झऱ्यावर पाणी प्यायलो, लांबूने जुने विनोद सांगितले. पूल ओलांडल्यावर चढ अंगावर आला, आणि खडी, भावजींनी सांगितली तशीच. दहा पावलं टाकायची, थांबायचं. पुढची चौघं काही न बोलता थांबत होती. मला शीळ ऐकू येत होती, माझीच. निदान चढताना तरी ती माझीच होती.

मोठ्या दगडापाशी पोचले आणि पाय संपले. मी दगडावर बसले. सकाळपासून ढग होते, ऊन कुठेच नव्हतं, पण मी बसले तिथे दगड कोमट होता. मी हात काढून घेतला.

वर खिंड अगदी हाताशी दिसत होती. तासाभराची वाट. एक वर्षापूर्वी मी तिथे उभी राहून या लोकांना चिडवलं असतं.

"मला नाही झेपत," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. डॉक्टरांना नाही, गोळीला नाही, कोणालाच आजवर म्हटलं नव्हतं. "मी इथून परत. तुम्ही जा."

धाकटी म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर." मी नको म्हटलं. वाट एकच, दुकानाचं छप्पर समोर दिसतंय, उताराला मला त्रास होत नाही. "तू इथे बसून बघत राहा हवं तर. मी अंगणात पोचले की हात करते. मग वर जाऊन तंबू ठोका. या वर्षी तंबू कुठे ठोकायचा ते तुम्ही ठरवा." लांबूने माझ्या पाठीवरची बॅग स्वतःकडे घेतली आणि फक्त पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. गोळीने मिठी मारली. तिचा हात माझ्या पाठीवरून पुढे गेला आणि एकदम थांबला, जणू माझ्या मागे आणखी काही लागलं. तिने मला लगेच सोडलं नाही. "हळू उतर," कानात म्हणाली. "घाई करू नकोस. दोघींनाही झेपेल असं."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

उतरायला लागले. थोडं अंतर गेल्यावर मागे धाप ऐकू आली. तीच शीळ. उतरताना मला धाप लागत नाही, मी तोंड मिटून चालत होते. थांबले. मागची दोन पावलं खडीवर सरकली आणि मग थांबली. मी चालले, ती चालली. वळून बघायचं माझं धाडस झालं नाही. घाबरले नाही असं लिहिणार नाही. मानेवरचे केस उभे होते. पण एक वेगळंही वाटत होतं, ते कसं लिहायचं कळत नाही. तिला फार दम लागला होता. इतके दिवस ती तिथे दम खात बसली होती आणि कोणी तिला चल म्हटलं नव्हतं.

पुलावर मी मुद्दाम थांबले. मला गरज नव्हती. मागची धाप हळूहळू शांत होईपर्यंत कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभी राहिले. मग म्हटलं, "चला." कोणाला म्हटलं, माहीत नाही.

अंगणात पोचून डोंगराकडे तोंड करायचं होतं, धाकटीला हात करायला. वळायचा धीर होईना. पाठ तशीच ठेवून हात वर केला. वरून धाकटीची हाक आली, लांबून, काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पुन्हा पुन्हा हाक मारत होती.

मी बाकावर बसले. मधोमध.

मावशी आतून हात पुसत आल्या. दारातच थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बाजूला पाहिलं, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला, हरवलेलं माणूस घरी आल्यावर होतो तसा.

"आलात का दोघी?" म्हणाल्या. "बसा, बसा. चहा टाकते."

मी समोर बघत राहिले. मग बाकावर थोडी सरकून बसले.